निकाल आणि साक्ष

विज्ञान लोकांपर्यंत पोचले पाहिजे, याविषयी आपल्याकडे मतभेद असल्याचे ऐकिवात नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली, आणि वैज्ञानिक दृष्टी व जिज्ञासा यांचा विकास करणे हे त्यांपैकी एक ठरले. संमेलनांतून विज्ञानप्रसाराचे ठराव होतात, वृत्तपत्रे विज्ञानवार्तेला जागा देतात, आणि आता तर प्रत्येकाच्या खिशातील मोबाइल दिवसभर काही ना काही 'शास्त्रीय' माहिती पुरवीत असतो. पोचवावे की नाही, हा प्रश्न संपलेला आहे. नेमके काय पोचवावे, हा मात्र सुटलेला नाही. आणि त्याची चर्चा क्वचितच होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या दिवाणी न्यायालयांत न्यायनिर्णय आणि हुकूमनामा अशा दोन निराळ्या गोष्टी असतात. हुकूमनामा सांगतो की, अमक्याने तमक्याला इतके रुपये द्यावेत. न्यायनिर्णय त्यामागची कारणे सांगतो: वाद कोणता होता, साक्ष कोणाची झाली, ती का मानली किंवा का मानली नाही. वरच्या न्यायालयात अपील चालते ते या कारणांवर. नुसता हुकूमनामा हाती आला तर पक्षकाराला दोनच वाटा उरतात. मुकाट्याने मानावयाचा, नाही तर मनातल्या मनात न्यायाधीशाला दूषणे द्यावयाची.

आपल्याकडील बहुतेक विज्ञानवार्ता म्हणजे असे कारणांवाचूनचे हुकूमनामे असतात. 'शास्त्रज्ञांच्या मते कॉफी हृदयास हितकारक'. पुढे चार महिन्यांनी, 'शास्त्रज्ञांच्या मते कॉफी हृदयास अपायकारक'. पहिली बातमी किती माणसे पाहून काढली, दुसरी कशावरून काढली, हितकारक म्हणजे कितीसे हितकारक, यांपैकी एकही गोष्ट वाचकाला कळत नाही. चार वेळा असे झाले की तो 'शास्त्रज्ञ काय, आज एक सांगतात, उद्या दुसरे' असे म्हणून मोकळा होतो. आपण त्याला अडाणी म्हणतो; पण त्याच्यापुढे जे ठेवले होते, त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मुळीच गैर नाही.

यावर संपादकांचे उत्तर ठरलेले असते. सामान्य वाचकाला पुराव्यातील बारकावे समजणार नाहीत, त्याला तेवढा वेळही नाही. सबब सार सांगावे. हे उत्तर मला पटत नाही. न्यायाधीश वैद्य नसतो, रसायनज्ञ नसतो, हस्ताक्षरतज्ज्ञही नसतो. तरीही विष कोणते, घाव कसला, सही कोणाची, हे प्रश्न त्याला रोज सोडवावे लागतात. १८७२ च्या पुरावा कायद्याने तज्ज्ञाचे मत ग्राह्य मानले. पण त्याच कायद्याच्या एक्कावन्नाव्या कलमाने असेही सांगितले की, जेथे कोणाचे मत विचारात घ्यावयाचे, तेथे ते मत ज्या आधारांवर उभे आहे ते आधारही विचारात घेता येतील. २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. सामान्य माणसाने तज्ज्ञाकडे कसे पाहावे, याचे इतके शहाणपणाचे सूत्र मला अन्यत्र आढळले नाही. तज्ज्ञाची विद्या आपल्याला येत नसली तरी 'तुम्ही हे कशावरून म्हणता?' एवढे विचारता येते, आणि आलेले उत्तर तोलताही येते. विज्ञानलेखनाची परीक्षा मी याच एका प्रश्नाने करणार आहे.

या परीक्षेला उतरणारा एक जुना लेख कोंकणी वाचकांच्या घरचाच आहे. मलबारच्या वनस्पतींवरील 'हॉर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रेडे याने सिद्ध केला आणि १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. ग्रंथ लॅटिनमध्ये, वाचक युरोपातले. परंतु पहिल्या खंडात कोचीच्या रंगभट, विनायक पंडित आणि आप्पू भट या तीन वैद्यांचे निवेदन देवनागरी लिपीत, कोंकणी भाषेत छापलेले आहे. तारीख १६७५ च्या एप्रिलची. वनस्पतींची नावे आणि गुण यांविषयी आपण माहिती दिली, असे ते तिघे स्वतःच्या नावानिशी नमूद करतात. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचेही असेच निवेदन तेथे आहे. छापील देवनागरी कोंकणीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत मोडणारा हा मजकूर भाषेच्या इतिहासकारांनी वाखाणला आहे. मला तो साक्षीचा कागद म्हणून मोलाचा वाटतो. ही माहिती कोणाकडून आली, तिच्यामागे कोण उभे आहे, हे वाचकाला कळले पाहिजे, ही जाणीव त्या ग्रंथकाराला साडेतीनशे वर्षांपूर्वी होती. 'एका संशोधनानुसार' असे लिहून पुढे जाणाऱ्या आजच्या वार्ताहराला ती नसावी, याचे नवल वाटते.

मराठीत विज्ञानपर नियतकालिकांची परंपरा चांगली जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' आणि १८४० मध्ये 'दिग्दर्शन' काढले. 'दिग्दर्शना'च्या मासिक अंकांतून शास्त्रीय विषय मराठीत येऊ लागले. १९२८ मध्ये 'सृष्टिज्ञान' मासिक निघाले, १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि पुढे तिची पत्रिका सुरू झाली. इतक्या सातत्याने चाललेल्या कार्याविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते की, या परंपरेच्या गद्याला दोन खोडी जडल्या. पहिली अद्भुताची. प्रकाश सेकंदाला किती मैल धावतो, मेंदूत पेशी किती, असले आकडे वाचकाला थक्क करण्यासाठी फेकावयाचे. थक्क झालेला माणूस प्रश्न विचारीत नाही, हे कीर्तनकाराला चालते. विज्ञानलेखकाला चालता कामा नये. दुसरी खोड परिभाषेची. प्रत्येक इंग्रजी संज्ञेला संस्कृत प्रतिशब्द बसविला की विज्ञान मराठीत आले, असा समज बराच काळ प्रचलित होता.

या प्रतिशब्दांची थट्टा करण्याची प्रथाही तितकीच जुनी आहे, आणि तीत मला सामील व्हावयाचे नाही. अडचण शब्दांच्या कठीणपणाची नसते. फिर्याद, जामीन, तहकूब, दस्तऐवज हे शब्द कोठल्या मराठी आईने मुलाला शिकविले? पण कोर्टाची पायरी चढण्याची वेळ आली की खेड्यातला माणूस ते बिनचूक वापरतो, कारण त्याचे काहीतरी त्यांत अडकलेले असते. ज्या शब्दामागची गोष्ट आपल्याला लागू आहे असे वाटते, तो शब्द अवघड राहत नाही. लेखकाचे काम ती लागू आहे हे दाखविण्याचे आहे.

जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले, तेव्हा त्यांच्या ललित विज्ञानलेखनाविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या कथा वाङ्मय म्हणून कितपत टिकतील, याविषयी मी साशंक आहे. अनेक कथांतील पात्रे कल्पना वाहून नेण्यापुरतीच जिवंत असतात, आणि संवाद पुष्कळदा वर्गातल्या शंकासमाधानासारखे चालतात. परंतु त्यांच्या लेखनव्यवहारातील दोन गोष्टींना मी फार महत्त्व देतो. पहिली अशी की, १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. जगभर ख्याती असलेल्या शास्त्रज्ञाने स्वतःचे नाव काढून घेतले, आणि परीक्षकांपुढे नुसती कथा ठेवली. तिला पारितोषिक मिळाले ते तिच्याच बळावर.

दुसरी गोष्ट याच वृत्तीची, पण अधिक व्यापक. तिला कायद्याची पार्श्वभूमी आहे. विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये ठरविले. त्याविरुद्ध काही शास्त्रज्ञ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००४ मध्ये न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. शैक्षणिक क्षेत्रातील तज्ज्ञ संस्थेच्या निर्णयात न्यायालयाने ढवळाढवळ करू नये, असा त्या निकालाचा सूर होता. कायद्याच्या दृष्टीने तो योग्य असेल; फलज्योतिष खरे की खोटे, हा प्रश्न मात्र त्याने जेथल्या तेथे राहिला. नारळीकर, सांख्यिकीचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये वेगळा मार्ग धरला. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून त्यांनी दोनशे पत्रिका तयार केल्या. ज्योतिषांना पुण्यातील पत्रकार परिषदेतून जाहीर आवाहन केले: प्रत्येकी चाळीस पत्रिका घ्या, आणि कोणती कोणत्या गटातली ते ओळखा. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे आली. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर निघाली. नाणे उडवूनही निम्मी येतात.

विज्ञान आणि वृत्तपत्र यांचे सहकार्य कसे असावे, याचे मराठी मुलखात यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. 'ज्योतिष थोतांड आहे' हा हुकूमनामा येथे कोणी काढलेला नाही. चाचणी काय, हे आधीच जाहीर झाले. प्रतिपक्षाला हजर राहण्याची संधी मिळाली. निष्कर्ष आकड्यांसह मांडला गेला. ज्याला तो मान्य नसेल त्याने अशीच दुसरी चाचणी करावी. अपिलाचा दरवाजा उघडा आहे, आणि तो वाचकालाही दिसतो आहे.

आम्हां इंदूरकरांना या विषयाचा धडा घराजवळच मिळावयास हवा होता. होळकरांच्या राजवटीत, १९२४ मध्ये, इंदुरात वनस्पतिविषयक संशोधनसंस्था स्थापन झाली आणि आल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक झाले. तेथे त्यांनी व यशवंत वाड या त्यांच्या रसायनज्ञ सहकाऱ्याने शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ओल आणि हवा राखून, ढीग मधूनमधून चाळवून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसविली. दोघांच्या नावाने १९३१ मध्ये तिचे पुस्तक निघाले, आणि ही रीत 'इंदूर पद्धत' म्हणून जगात ओळखली जाऊ लागली. त्या पुस्तकाचे सामर्थ्य त्याच्या गद्याच्या नीरसपणात आहे. काय घातले, किती घातले, केव्हा चाळविले, प्रत्येक टप्प्याला काय घडले, हे सगळे तेथे नोंदलेले आहे. म्हणूनच दूरदेशीच्या चहा-कॉफीच्या मळेवाल्यांनाही ती रीत स्वतः करून पाहता आली. पुढे १९४० मध्ये हॉवर्डांनी एकट्याने लिहिलेला ग्रंथ अधिक वाचला गेला, सेंद्रिय शेतीच्या चळवळीने तो शिरोधार्य मानला. त्याची भाषा अधिक तेजस्वी आहे यात शंका नाही. पण जमिनीच्या आरोग्यापासून माणसाच्या आरोग्यापर्यंत जी झेप तेथे घेतली आहे, तिच्या मापाचा पुरावा तेथे नाही. आज आपल्याकडे सेंद्रिय शेतीवर लिहिणाऱ्यांनी हॉवर्डांचा आवेश उचलला. वाडांची वही मात्र उचलली नाही.

आणि ती वही मराठी-हिंदी वाचकापुढे ठेवण्याचा प्रसंग आज या शहरात रोज सकाळी येतो. २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इंदूरने अग्रस्थान राखले आहे. कचरा नेणारी गाडी गाणे वाजवीत गल्लीत शिरते, आणि घराघरांतून ओला-सुका कचरा वेगळा बाहेर येतो. ओल्या कचऱ्यापासून वायू निर्माण करणारा, दिवसाला ५५० टन क्षमतेचा प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ रोजी येथे सुरू झाला. लोकांच्या सवयी बदलण्याच्या कामात हे गाणे कोणत्याही अग्रलेखापेक्षा प्रभावी ठरले, हे मोकळेपणाने मान्य करावे. पण त्या गाण्याचा भर शहराच्या अभिमानावर आहे. ओला कचरा वेगळा का द्यावयाचा, प्लॅस्टिकचा एक तुकडा त्यात गेला तर पुढे काय बिघडते, हवा कोंडली तर ढीग का कुजतो आणि हवा मिळाली तर त्याचे खत का होते, हे गाण्याने सांगावे अशी अपेक्षा नाही; ते काम वृत्तपत्राचे आहे. अभिमानावर उभारलेली सवय क्रमांक घसरला की ढिली पडण्याचा संभव असतो. कारण कळलेला माणूस क्रमांकाची वाट पाहत नाही.

आधार देणे पुरेसे असते काय? येथे माझ्याच म्हणण्याविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा पुढे ठेवणे भाग आहे, आणि तो आमच्याच राज्यातील आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एक कामगार दगावला. राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने त्याचा माग काढला. ते रसायनज्ञ नव्हते. त्यांनी कामगारांना विचारले, ग्रंथ चाळले, कारखान्याच्या सुरक्षिततेविषयीचा तपासणी-अहवाल मिळविला. हा वायू हवेहून जड असतो, सुटला तर वर न जाता वस्तीवर जमिनीलगत पसरतो, हे त्यांच्या ध्यानी आले. सप्टेंबर-ऑक्टोबर १९८२ मध्ये 'रपट' या आपल्या छोट्या हिंदी साप्ताहिकात त्यांनी एकामागून एक लेख लिहून शहराला सावध केले, आणि जून १९८४ मध्ये 'जनसत्ता'तही लिहिले. मध्यंतरी विधानसभेत प्रश्न निघाला, तेव्हा संबंधित मंत्र्यांनी धोका नसल्याचा निर्वाळा दिला. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री काय झाले, ते जगाला ठाऊक आहे.

एका बाजूला आधारांसह दिलेली साक्ष, दुसऱ्या बाजूला आधारावाचून दिलेला निकाल. आणि शहराने निकाल मानला. मग माझ्या म्हणण्यात काय उरले? मला वाटते, ते अधिकच गंभीर झाले. केसवानींची साक्ष हरली ती वाचकाला न समजल्यामुळे नव्हे. 'धोका नाही' असे सांगणाऱ्याला 'कशावरून?' असा प्रतिप्रश्न करण्याची सवय ना इतर वृत्तपत्रांना होती, ना त्यांच्या वाचकांना. मंत्र्याचे उत्तर हे उत्तर म्हणून छापले गेले आणि प्रकरण मिटले. एकटा साक्षीदार पुरत नाही. उलटतपासणी घेणारेही असावे लागतात, आणि ते वर्षानुवर्षांच्या वाचनातूनच तयार होतात. मिथाइल आयसोसायनेट हा शब्द भोपाळातील निरक्षर माणसालाही पुढे तोंडपाठ झाला. त्याची गरज दोन वर्षे आधी होती.

नव्या माध्यमांनी हा प्रश्न सोपा केला की अवघड, याचे एकेरी उत्तर देता येत नाही. कायदा ऐकीव पुराव्याला सामान्यतः थारा देत नाही, कारण मूळ बोलणारा पिंजऱ्यात उभा नसतो आणि त्याला प्रश्न विचारता येत नाही. मोबाइलवरून पुढे ढकलला जाणारा निरोप म्हणजे ऐकिवाचेही ऐकीव. १ एप्रिल २०२० रोजी इंदूरच्या टाटपट्टी बाखल वस्तीत करोनाच्या तपासणीसाठी गेलेल्या आरोग्यपथकावर दगडफेक झाली. तपासणीस येणाऱ्यांच्या हेतूविषयी त्या दिवसांत मोबाइलवरून नाना अफवा फिरत होत्या. पथकातील जखमी डॉक्टर भगिनी लगोलग त्याच वस्तीत कामावर परतल्या, ही या शहराची पुण्याई. परंतु दोष केवळ त्या वस्तीचा किंवा यंत्राचा मानून चालणार नाही. घराघरांतून माणसे का तपासावयाची, विलगीकरणात ठेवलेल्याचे काय होते, तो किती दिवसांनी घरी येतो, हे त्यांच्या बोलीत त्यांना कोणी सांगितले होते? आदेश पोचला होता, कारण पोचले नव्हते; आणि रिकाम्या जागेत अफवा शिरली.

त्याच नव्या माध्यमाचे दुसरे रूपही पाहावे. अरविंद गुप्ता हे आयआयटीतून बाहेर पडलेले अभियंते १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण कार्यक्रमात आले आणि काड्यापेटीतील काड्या व सायकलच्या व्हॉल्वची नळी घेऊन आकृत्या करू लागले. पुढे पुण्याच्या आयुकातील विज्ञानकेंद्रातून त्यांच्या खेळण्यांच्या चित्रफिती अनेक भाषांत निघाल्या, त्यांत मराठीही आहे. या चित्रफितींत भाषण जवळजवळ नसते. नळी कापा, फुंका, आवाज ऐका. आता आखूड करा, पुन्हा ऐका. पाहणारे मूल कोणाच्या शब्दावर विसंबत नाही. ते स्वतःच साक्षीदार होते. यंत्र तेच, पडदा तोच. फरक आहे तो समोरच्या माणसाला काय मानावयाचे, याचा.

तेव्हा मराठी आणि कोंकणी नियतकालिकांकडून माझी मागणी मोठी नाही. विज्ञानासाठी अधिक पाने नकोत, अधिक चित्रे नकोत. 'तज्ज्ञांचे मत आहे की' या शब्दांनी सुरू होणाऱ्या प्रत्येक वाक्यानंतर, ते मत कशावर आधारलेले आहे, कोणी कसे तपासले आणि काय आढळले असते तर ते चुकीचे ठरले असते, एवढे सांगणारी दोन-तीन वाक्ये असावीत. जेथे ती लिहिता येत नाहीत, तेथे बातमी एक दिवस थांबवावी. वाचक कुरकुरेल, कदाचित पान उलटेल. पण ज्या दिवशी एखादा मंत्री, एखादी कंपनी किंवा एखादा बाबा त्याला 'काळजीचे कारण नाही' म्हणून सांगेल, त्या दिवशी 'कशावरून?' हा प्रश्न त्याच्या ओठांवर तयार असेल.